कास पठार: गुरं हटली, कुंपण आलं, कुंपण गेलं... फुलांचं नेमकं काय झालं?

हिशेबनीस

गणपती उठले की इथं कासच्या फोटोंचे धागे सुरू होतात. या धाग्यात फोटो नाहीत, एक कोडं आहे.

२०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यातल्या चार महाराष्ट्रातल्या: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. कासचं नाव झालं, गर्दी झाली, गर्दी आवरायला जाळीचं कुंपण आलं. कुंपणाने माणसं अडली तशी गुरंही अडली. साधा हिशेब असा की तुडवणारे पाय आणि खाणारी तोंडं, दोन्ही थांबली म्हणजे फुलं वाढायला हवीत. पण काही वर्षांतच गावकरी आणि वनस्पतींचे काही अभ्यासक उलटं सांगायला लागले. गवत माजलंय, फुलांचे गालिचे विरळ झालेत, जाळी काढा. शेवटी जाळी काढली गेली.

कास आणि आसपासच्या भागात फुलझाडांच्या ८५०हून अधिक जाती नोंदल्या आहेत असं सगळीकडे छापून येतं. इतक्या जाती एका जागी नांदतात, त्या आपोआप, की गुरं, विळा, वणवा असं काहीतरी त्यांना नांदवत असतं? निसर्गाला हात लावू नका, तो आपला समतोल राखतो, हे आपण शाळेपासून घोकलंय. ते खरं असेल तर कासला उलटं का झालं? मला तर वाटतं तिथे समतोल नावाची गोष्टच नाही, नुसती ओढाताण आहे. मी बँकेतला माणूस, वनस्पतिशास्त्र दहावीला सुटलं. जाणकारांनी उजेड पाडावा.

टवाळ_टोळ

पहिला!
बँकेतला माणूस "समतोल नावाची गोष्टच नाही" म्हणाला की आधी पासबुक भरून घ्यावं. हलके घ्या.

शेवंता

गवताचं माहीत नाही, पण गेल्या सीझनला यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची जी रांग होती ती बघता पठारावरची सर्वांत माजलेली जात आपलीच. ऑनलाइन बुकिंग करूनही वर पोचेपर्यंत दुपार झाली, फुलं मिटायला लागली होती, पोरगं गाडीत ओकलं. मिसळ मात्र बरी मिळाली.

पुरावा_द्या

धागाकर्ते, "फुलं विरळ झाली" हे कोणी मोजलं? आठवणीतला कास नेहमीच जास्त फुललेला असतो. पाऊस ओढ देतो त्या वर्षी फुलं कमी, बरा पडतो त्या वर्षी जास्त. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. फुलली त्या वर्षी गेलेला माणूस पुढची सहा वर्षं "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" म्हणत फिरतो. वर्षावर्षातला चढउतार आणि कायमचा बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी त्या वेगळ्या करा, मग गुरांना श्रेय द्या.

सातारकर_सडा

पुरावा साहेब, मोजलं नसंल, पण आम्ही तिथंच वाढलोय. आमच्याकडं पठाराला सडा म्हणत्यात. पावसाळ्यात सकाळी म्हशी, गाया, बैलं सड्यावर सोडायची आन दिवस मावळताना परत आणायची. गवत कधी गुडघ्याच्या वर जायचं न्हाय, कारण जाऊच द्यायची न्हाईत. जाळी बसल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापास्नं गवत कमरंला लागाय लागलं. दिवाळीनंतर ते वाळून आडवं पडतं, पुढच्या पावसात त्याच्यावरच नवीन उगवतं. खाली हात घालून बघा, जुन्या गवताची गादी झालेली असती. त्या गादीखालनं बारकं फूल वर येणार कसं?

पाऊस कमीजास्त हुतोच की. पण पावसानं फूल कमी झालं तर गवत बी कमी व्हाय पायजे. हितं गवत वाढलं आन फूल कमी झालं.

पुरावा_द्या

हा शेवटचा मुद्दा दमदार आहे. मान्य.

मास्तरीणबाई

@सातारकर_सडा, तुम्ही जे लिहिलंय ते मी वर्गात अर्धा तास शिकवते.

सविस्तर लिहिते. कासचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटरवर. वर जांभ्याचं टोपण, त्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर ते वीतभर, काही ठिकाणी तोही नाही. चार महिने पाणी साचून दलदल आणि जानेवारीनंतर तवा. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही, म्हणून तुम्ही कितीही वर्षं हात लावला नाहीत तरी तिथे जंगल उभं राहणार नाही. ओसाड जागी आधी शेवाळ, मग गवत, मग झुडपं, मग जंगल ही जी पायऱ्यांची गोष्ट पुस्तकात असते, ती सड्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच अडकते. खडकच पुढे जाऊ देत नाही.

ही माती गरीब आहे. नत्र इतकं कमी की सीतेची आसवं आणि दवबिंदू यांच्यासारख्या वनस्पती कीटक पकडून आपली गरज भागवतात. गरिबीमुळे कोणीच फार उंच वाढू शकत नाही, म्हणून सगळ्यांना ऊन मिळतं. त्यात बहुतेक फुलं एकवर्षायू. जूनमध्ये रुजायचं, फुलायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बी टाकून मोकळं व्हायचं. पुढच्या वर्षी त्या बियांना रुजायला उघडी जमीन लागते. बहुवर्षायू गवताचं तसं नसतं, त्याचं ठोंब तिथेच बसलेलं असतं, पहिल्या सरीला ते पुढे निघून जातं. गुरं नेमकं तेच उंच, पालेदार गवत आधी खातात. गेंद किंवा सीतेची आसवं खाऊन म्हशीचं पोट काय भरणार! म्हणजे चराईने जो जिंकत आला असता त्यालाच दर वर्षी मागे खेचलं जातं, आणि बाकीच्यांना जागा मिळते.

आणखी एक. एवढ्या जाती एकाच वेळी भांडत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला एक मंडळी, मग चवर, मग गेंदांचे पांढरे पट्टे, सप्टेंबरात सीतेची आसवं आणि तेरडा, मागोमाग सोनकी आणि कवला (ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात), पाणी ओसरताना डबक्यांतून जांभळी मंजिरी. दर पंधरवड्याला जागा तीच, राहणारे वेगळे. हीच वाटणी गवताच्या गादीने मोडते, कारण गादी बाराही महिने असते.

टवाळ_टोळ

पाळीपाळीने राहणं, उंच वाढणाऱ्याला मागे खेचणं... बाई, हे पठार मराठी आहे यात शंका नाही.

हिशेबनीस

मास्तरीणबाई, मनापासून आभार. म्हणजे खाणारा हटला की विविधता घटते? हे कासपुरतंच की सगळीकडे?

मास्तरीणबाई

सगळीकडे नाही, पण गाजलेलं उदाहरण समुद्राकाठचं आहे. रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मक्का बे इथल्या खडकांवरून एका जातीचे तारामासे उचलून समुद्रात फेकायचा सपाटा लावला. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासा कालवांसारख्या शिंपल्यांवर जगतो. तो गेल्यावर शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि त्या पट्ट्यातल्या १५ जातींच्या ८ उरल्या. खाणारा एकच, पण तो नेमका दादागिरी करणाऱ्यालाच खात होता. तारामासा शिंपल्याऐवजी दुबळ्या जाती खाणारा असता तर त्याला हटवल्याने जाती वाढल्या असत्या. त्यामुळे "चराई चांगली" असा सरसकट निष्कर्ष कोणी काढू नये.

पाणकावळा

भरतपूर कसं कोणाला आठवलं नाही अजून? केवलादेव राष्ट्रीय उद्यान. तिथे १९८२ साली म्हशींच्या चराईवर बंदी आली. बंदीला विरोध झाला, पोलिसांनी गोळीबार केला, गावकऱ्यांचे जीव गेले. बंदी घालणाऱ्यांना पक्ष्यांचं भलंच करायचं होतं. झालं असं की म्हशी गेल्या आणि पास्पलम नावाच्या गवताने उथळ पाणी भरून टाकलं. बदकांना पोहायला उघडं पाणी कमी पडायला लागलं. आपल्या मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ऐंशीच्या दशकात तिथे दीर्घ अभ्यास केला, आणि चराई बंद केल्याने पाणथळीचं नुकसान होतंय, म्हशींचा उपयोग होता, असा निष्कर्ष काढला. नंतर गावकऱ्यांना आत जाऊन गवत कापायला परवानगी द्यायची वेळ आली.

मला राग याचा येतो की भरतपूरला हे सगळं घडून वीस-पंचवीस वर्षं झाल्यावर आपण कासला जाळी लावली. कोणीतरी फाइल उघडून वाचायला नको होती का?

देवराई_प्रेमी

थांबा जरा. सगळे म्हशींची आरती ओवाळायला लागलात म्हणून विरोधी सूर लावतो.

आमच्या मुळशीकडच्या देवराईत पिढ्यानपिढ्या कोणी कुऱ्हाड चालवली नाही, गुरं घातली नाहीत, वाळलेली फांदी उचलली तर देव कोपतो म्हणत. तिथल्या वेली मांडीएवढ्या जाड आहेत. आजूबाजूचे डोंगर चरून आणि जाळून बोडके झाले, आणि विविधता उरली ती हात न लावलेल्या देवराईतच. मग तुमचं तत्त्व तिथे कुठे गेलं? उद्या हा धागा वाचून कोणी म्हणायचा, देवराईतही शेळ्या सोडा.

+ आणखी एक. वणव्याचं नाव धागाकर्त्यांनी हळूच घेतलंय. डिसेंबर ते मार्चमध्ये सह्याद्रीत लावलेल्या आगी मी विझवल्या आहेत. सरडे, घरटी, रोपं, सगळं जातं. कृपया त्याला "व्यवस्थापन" म्हणू नका.

सातारकर_सडा

देवराईत शेळ्या सोडा कोण म्हणालं? आमच्याकडं बी देवराई हाय, तिथं आम्ही पण काही करत न्हाय. सडा येगळा, राई येगळी. हे आमच्या आजीला बी कळत हुतं, पुस्तक न वाचता.

मास्तरीणबाई

देवराई_प्रेमी, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. जंगलात विविधता दुसऱ्या वाटांनी टिकते. एक वाट म्हणजे जुनं झाड उन्मळून पडलं की कवडसा पडतो, आणि खाली वर्षानुवर्षं खुरटून बसलेल्या रोपांची शर्यत लागते. प्रत्येक कवडशात जिंकणारा वेगळा. दुसरी वाट जॅन्झेन आणि कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७०-७१च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडली: आईच्या सावलीत पडलेल्या बिया आणि रोपं जास्त मरतात, कारण त्या जातीवरच्या किडी आणि बुरशी आईपाशीच जमलेल्या असतात. त्यामुळे एका झाडाभोवती त्याच झाडाची दाटी होत नाही, लांबून आलेल्या दुसऱ्या जातीला संधी मिळते. इथेही जास्त झालेल्याला मागे खेचणारं कोणीतरी आहेच, म्हैस नसेल तर बुरशी.

पनामात बॅरो कोलोराडो बेटावर ५० हेक्टरांत सुमारे ३०० जातींची झाडं एकेक करून मोजतात, काही वर्षांनी परत मोजतात. आपल्याकडे मुदुमलईला १९८८पासून ५० हेक्टरांचा तसाच पट्टा आहे, तिथे हत्ती आणि आग या दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो. पाहणाऱ्याला जंगल तेच वाटतं, आत माणसं बदललेली असतात. म्हणजे झाडं.

वणव्याबाबत तुमच्याशी सहमत. मार्चमधली आग आणि चराई एका पारड्यात नकोत.

शून्य_एक

गणितवाला आलो. रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने १९७२मध्ये एक छोटासा लेख लिहून पर्यावरणवाल्यांची झोप उडवली होती. तोवर सगळे मानत की जाती जितक्या जास्त, नातीगोती जितकी गुंतागुंतीची, तितकी व्यवस्था स्थिर. मेने गणित मांडलं: नाती यदृच्छेने, म्हणजे कशीही, जोडलीत तर जाती आणि जोडण्या वाढवत गेल्यावर एका मर्यादेपलीकडे व्यवस्था स्थिर राहण्याची शक्यता जवळजवळ शून्य. धक्का दिला की मूळ जागी परत येतच नाही. म्हणजे ८५० जातींचा कास कागदावर कोसळायलाच हवा. कोसळत नाही, याचा अर्थ तिथली नाती यदृच्छेने जोडलेली नाहीत. कमकुवत नाती खूप, घट्ट नाती थोडी, आणि बाईंनी सांगितली तशी वेळेची वाटणी.

मग डेव्हिड टिलमनचा अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीकचा प्रयोग. गवताचे दोनशेच्या वर वाफे, १९८७-८८ला मोठा दुष्काळ पडला. जास्त जातींच्या वाफ्यांत गवताचं उत्पादन साधारण निम्म्यावर आलं, मोजक्या जातींच्या वाफ्यांत कितीतरी जास्त कोसळलं. गंमत म्हणजे विविध वाफ्यांत एकेक जात बघितली तर ती वरखाली भरपूर होते, एकूण बेरीज मात्र कमी हलते. म्युच्युअल फंडासारखं, एक शेअर पडला तरी दुसरा सावरतो. हिशेबनीस, तुमच्या बँकेला कळेल ही भाषा.

म्हणून "स्थिर" म्हणताना काय स्थिर, हे विचारावं. एकेक जात? जातींची संख्या? की एकूण चारा? कासला जाळीच्या काळात एकूण हिरवाई बहुधा वाढलीच, म्हशीच्या नजरेने सुबत्ता. फुलं बघायला आलेल्याच्या नजरेने ऱ्हास.

हिशेबनीस

म्युच्युअल फंड जोखमीच्या अधीन असतात हे लिहायचं राहिलं :)
पण "काय स्थिर" हा प्रश्न जबरी आहे. वाचनखूण साठवली.

मास्तरीणबाई

शून्य_एक, टिलमनच्या त्या निष्कर्षावर लगेच आक्षेप घेतला गेला होता, तोही सांगायला हवा. त्या वाफ्यांत जाती कमी झाल्या होत्या त्या बऱ्याच अंशी नत्रखत घातल्यामुळे. मग दुष्काळात वाफा कोसळला तो जाती कमी म्हणून, की खतावर पोसलेल्या गवताला दुष्काळ झेपत नाही म्हणून? पुढे टिलमननेच जाती ठरवून पेरलेले वाफे केले, त्यात विविधतेचा फायदा दिसला. पण पहिला लेख तेवढ्यावर थांबवून सांगतात सगळे.

लंडनची_आत्या

नत्रखताचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. मी हार्पेंडनजवळ राहते. इथे रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात पार्क ग्रास नावाचं कुरण आहे, १८५६पासून प्रयोग चालू. लॉझ आणि गिल्बर्ट यांना गवताचं उत्पन्न वाढवायचं होतं, म्हणून एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडून कुठे अमोनियम सल्फेट, कुठे पोटॅश, कुठे काहीच नाही असं सुरू केलं. थोड्याच वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की पट्टे नुसते कमीजास्त उंच झालेले नाहीत, त्यांतली झाडंच बदलली आहेत. आज काही न घातलेल्या पट्ट्यात चाळिसेक जाती आहेत, आणि वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट घातलेल्या, चुना न दिलेल्या पट्ट्यात दोन-तीन. मधली सीमा पट्टीने ओढल्यासारखी सरळ. अलीकडे गावठी फुलांची गर्दी, पलीकडे एकसुरी गवत. आमचे पाहुणे मादाम तुसाँला जायचं म्हणतात, मी त्यांना शेत दाखवायला नेते. माझ्याकडे परत कोणी येत नाही.

पुढची गोष्ट आशेची आहे. विसाव्या शतकात कारखाने आणि गाड्यांच्या धुरातून हवेतूनच नत्र पडायचं आणि खत न घातलेल्या पट्ट्यांतही जाती घटत होत्या. गेल्या काही दशकांत हवा सुधारली, तसं काही पट्ट्यांत जाती परत वाढल्याचं दिसलं.

टवाळ_टोळ

आत्याबाई, मग आमच्या म्हशींचं शेण? तेही खतच की. म्हशीने गवत खाऊन मदत केली आणि मागल्या बाजूने घोळ घातला असं व्हायचं नाही का? प्रश्न गंभीर आहे, हसू नका.

सातारकर_सडा

चांगला इच्यारलास गड्या. सड्यावर दिवसभर चरत्यात, रात्री गोठ्यात. निम्मंअर्धं शेण गोठ्यात पडतं. ते उकिरड्यावर, तिथनं शेतात. वर पडलंय त्याच्या बी बायका गोवऱ्या थापायला पाट्या भरून न्यायच्या. म्हंजे सड्यावरचं खाली यायचं, खालचं वर कधी न्हाय.

मास्तरीणबाई

टवाळांचा प्रश्न आणि सातारकरांचं उत्तर, दोन्ही मी पुढच्या वर्षी वर्गात वापरणार. सड्याला गरीब ठेवणारी ही व्यवस्था होती. तिकडे पार्क ग्रासला गवत कापून उचलून नेतात, इकडे म्हशीच्या पोटातून गोठ्यात नेत होते.

सोलापुरी_चादर

आमच्याकडची उलटी कहाणी. नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ला अभयारण्य झालं. उजाड माळ बघितला की आपल्या लोकांच्या हाताला खाज सुटते, झाडं लावा! गवताळ माळावर चर खणून रोपवनं झाली, ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली. माळढोकाला लांबवर नजर जाईल असं उघडं रान लागतं. आता माळढोक दिसला तर बातमी होते. महसुली कागदावर गवताळ रान बऱ्याचदा "पडीक" असतं, आणि पडीक म्हटलं की त्याचं काहीतरी "करायचं" असतं.

आणि जे म्हणतात की महाराष्ट्राचे माळ म्हणजे पूर्वीचं तोडलेलं जंगल, त्यांच्यासाठी: २०२५मध्ये एक अभ्यास आला, त्यात १३व्या शतकापासूनच्या मराठी साहित्यात कुठल्या झाडांची नावं येतात ते तपासलं. बाभूळ, हिवर, पळस अशी माळरानाचीच झाडं भेटली. माळ जुना आहे हो. धनगर आणि लांडगेही जुने.

देवराई_प्रेमी

हे पटतं. पुण्यात टेकड्यांवर ग्लिरिसिडिया लावून वर "हरित पुणे" म्हणतात, खाली काही उगवत नाही. पण म्हणून प्रत्येक डोंगर माळच होता असंही नाही. चारशे मेंढ्या रोज एकाच उतारावरून गेल्या तर तिथे टणटणी आणि तरवडच उरतो, मेंढी त्यांना तोंड लावत नाही. चराई किती, हे कोणी सांगेल का?

कातळकर

राजापूर तालुक्यातून. आमच्या सड्यावर प्रश्न गुरांचा नाही, जेसीबीचा. कातळ फोडायचा, सुरुंग लावायचा, खालून माती आणून ओतायची आणि हापूस लावायचा. गुरं हटली तर पुन्हा सोडता येतात. कातळ फोडला की पावसातली डबकी गेली, डबक्यातले बेडूक गेले, आणि तिथली फुलं परत यायला जागाच नाही. विविधता टिकते कशी यावर चर्चा छान चाललीय, पण काही बदलांना परतीची वाट नसते हेही असू द्या. कातळशिल्पं सापडली म्हणून काही सडे वाचले, फुलांसाठी कोणी वाचवले नसते.

संपादक

या प्रतिसादाखाली प्रकल्प, पक्ष आणि पुढाऱ्यांवरून सुरू झालेले काही प्रतिसाद उडवले आहेत. धागा कास आणि विविधतेपुरता ठेवा.

टवाळ_टोळ

संपादकांनी चराई केली. आता बारक्या प्रतिसादांना ऊन मिळेल.

शून्य_एक

=)) =))
"चराई किती" याला कॉनेलने १९७८मध्ये उत्तर दिलं होतं: मध्यम. अगदी नसेल तर दांडगे जिंकतात, अति असेल तर सोशीकच उरतात, मधे दोन्ही. ऐकायला गोड. पण गेल्या काही दशकांत तपासून बघितलं तर हे सरसकट सगळीकडे लागू पडत नाही असं दिसतं. शिवाय मध्यम म्हणजे हेक्टरी किती म्हशी हे ते गृहीतक सांगत नाही.

मास्तरीणबाई

बरोबर. गरीब मातीत कमी चराई पुरते, सुपीक मातीत जास्त लागते, हे ढोबळमानाने. सड्यावर थोड्या गुरांनी काम भागत असावं.

हिशेबनीसांनी सुरुवातीला म्हटलं होतं की समतोल नाही, ओढाताण आहे. या वादाला शंभर वर्षं झाली. क्लेमेंट्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ साली म्हटलं होतं की वनस्पतींचा समाज एखाद्या जिवंत शरीरासारखा वाढतो आणि आपल्या ठरलेल्या अंतिम रूपाला पोचतो. ग्लीसनने १९२६ला म्हटलं, छे, ज्याला जिथे जमेल तिथे तो रुजतो, समाज वगैरे आपण नंतर ठेवलेलं नाव. कास बघितलं की मला ग्लीसन जवळचा वाटतो. मात्र जांभा, पाऊस आणि खाणारी गुरं या तीन गोष्टी दर वर्षी त्याच राहिल्या, तर ओढाताणीतूनही दर वर्षी साधारण तेच चित्र उमटतं. तिसरी गोष्ट काढून घेतली, चित्र बदललं.

हिशेबनीस

मग जाळी काढली, प्रश्न सुटला? आता फुलं पूर्ववत?

सातारकर_सडा

इथंच घोडं आडलंय. जाळी निघाली, पण गुरं कुठायत? तरणी पोरं मुंबई-पुण्याला, न्हायतर हॉटेलात, न्हायतर सीझनला पार्किंगच्या पावत्या फाडत्यात. म्हाताऱ्या माणसाच्यानं म्हशी राखवत न्हाईत. आमच्या आळीत आधी घरटी चार-पाच जनावरं, आता चार घरं मिळून एक. दूध पिशवीचं येतंय. जाळी नसती आली तरी गुरं कमीच झाली असती, हे बी खरं बोलायला पायजे. सगळं पाप जाळीवर नको.

पुरावा_द्या

हा अख्ख्या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद. म्हणजे जाळी आणि गुरं घटणं एकाच काळात झालं, आणि आपण सगळा परिणाम जाळीच्या नावावर टाकतोय. वेगळं करायचं तर एकच मार्ग: कायमच्या चौकटी आखा. काही चौकटींत गुरं, काहींत विळा, काहींत काहीच नाही. दर पंधरवड्याला जाती मोजा, निदान दहा वर्षं.

लंडनची_आत्या

विळ्याला माझं मत. इथे पार्क ग्रासला पहिल्या थोड्या वर्षांनंतर चराई नाहीच, वर्षातून दोनदा कापणी. फुलं टिकून आहेत.

मास्तरीणबाई

कापणीची वेळ कुठली धरायची? ऑगस्टमध्ये विळा लावला तर गवताबरोबर गेंद आणि तेरडाही जाणार. नोव्हेंबरात बी पडल्यावर कापून उचललं तर जुन्या गवताची गादी जाईल, पण पावसाळ्यातली उंचीची स्पर्धा तशीच. म्हैस निवडून खाते, विळ्याला निवड नाही. तरी गुरं नाहीतच म्हटल्यावर नोव्हेंबरची कापणी करून बघावी, चौकटीत.

सातारकर_सडा

कापायला माणूस कोण देतंय? भात कापायला मिळंना. त्यापरीस फुलांच्या तिकिटातनं चार पैसे राखणाऱ्याला द्या, दोन-चार घरं तरी म्हशी ठेवतील. समितीच्या मीटिंगमधी मी मागल्या टायमाला बोललो हुतो.

पुरावा_द्या

काय म्हणाले?

सातारकर_सडा

पार्किंगचा विषय आधी घेऊ म्हणाले.

टवाळ_टोळ

म्हशींना पण ऑनलाइन बुकिंग लागणार का? सकाळचा स्लॉट की दुपारचा?

सातारकर_सडा

सकाळचाच लाव. दुपारच्याला सोडली की आमची एक थेट बामणोलीच्या वाटंला लागती, मग तिच्या मागं कोण पळणार, तू?